चौदा इंचाची गळती

माझं अख्खं आयुष्य गळू न देण्यात गेलं. ह्यूस्टनच्या आसपासच्या रिफायनऱ्यांत मी तीस वर्षं पायपिंग इंजिनियर होतो. नवी लाइन टाकली की तिच्यात पाणी भरायचं, डिझाइनच्या दीडपट दाब द्यायचा आणि प्रत्येक सांध्यापाशी टॉर्च घेऊन वाकायचं. कुठे नुसती ओल दिसली तरी कंत्राटदाराच्या पोटात गोळा यायचा. अशा माझ्या कपाळावर 2022 च्या जूनमध्ये, गॅल्व्हेस्टनच्या समुद्रकाठी, रात्री सव्वादोन वाजता गार पाण्याचा एक थेंब पडला.

मी कपाळ पुसून कूस बदलली. दुसरा थेंब कानात पडला.

मी कुठे झोपलो होतो ते आधी सांगायला हवं. आदल्या वर्षी आम्ही एक जुना कॅम्पर घेतला होता. कॅम्पर म्हणजे ट्रकच्या मागे जोडायची, चाकांवरची चोवीस फुटी खोली. पुढच्या टोकाला पलंग, मागच्या टोकाला न्हाणीघर, मध्ये ओटा, आणि ओट्यासमोर एक टेबल. हे टेबल खाली पाडून त्यावर गाद्या टाकल्या की त्याचाही पलंग होतो. घोरण्याच्या कारणावरून माझी पहिल्याच संध्याकाळी पलंगावरून टेबलावर बदली झाली होती. आणि टेबलाच्या बरोब्बर वर, छपरावर, एसी.

मुलीने अंधारात विचारलं, “बाबा, पाऊस पडतोय का?”

“बाहेर नाही,” मी म्हणालो.

बायकोने दिवा लावला, छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता कपाटातून पातेलं काढून माझ्या छातीवर ठेवलं. आमची दोघांचीही घरं कोकणातली. जूनमध्ये कुठे कोणतं भांडं ठेवायचं हे आमच्या हातांना न सांगता कळतं. माझ्या लहानपणी देवघरासमोर पितळी पातेलं, माजघरात डालड्याचा डबा आणि पडवीत घमेलं अशा जागा ठरलेल्या होत्या. वडील मे महिन्यात कौलं परतून घेत, तरी पहिल्या पावसात घर आपली जुनी भोकं बरोब्बर शोधून काढी. पण ते कोकण होतं. इथे आकाशात चांदणं होतं आणि मी पातेलं छातीवर धरून पडलो होतो. महादेवाच्या पिंडीवर जे भोकाचं भांडं टांगतात त्याला आपल्याकडे गळती म्हणतात. पिंडीला काय वाटत असेल याचा विचार मी त्या रात्री आयुष्यात प्रथमच केला.

सकाळी मी छपराचं गणित मांडलं. कॅम्परच्या छपराला साधारण चौदा इंच बाय चौदा इंचाचं चौकोनी भोक पाडलेलं असतं. अमेरिकेत बहुतेक सगळ्या कॅम्परना याच मापाचं. त्या भोकावर शंभरेक पौंडांचं एसीचं धूड नुसतं ठेवलेलं असतं. धूड आणि छप्पर यांच्यामध्ये स्पंजसारख्या रबराची एक चौकट असते, ती गॅस्केट. खालून, म्हणजे आतल्या बाजूने, चार लांब बोल्ट वर जातात आणि धुडाला खाली ओढून गॅस्केट दाबून ठेवतात. बस. खिळा नाही, चिकटपट्टी नाही, सिमेंट नाही. ताशी साठ मैलांनी हायवेवरून धावणाऱ्या घराच्या डोक्याला चौदा इंचांचं भोक आणि त्यावर स्पंज. ही रचना कंत्राटदाराने माझ्यापुढे आणली असती तर मी त्याला चहा न पाजता घालवला असता.

तेव्हा निदान सोपं होतं. गॅस्केट गेलं. मी दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणली आणि शिडी लावून वर चढलो.

छप्पर रबरी असतं, त्यावर उभं राहू नये, वजन विभागून गुडघ्यांवर रांगावं असं म्हणतात. जूनमधल्या टेक्सासच्या उन्हात काळपट रबरावर वयाच्या एकसष्टाव्या वर्षी रांगणं हा अनुभव मी कुणाला सुचवणार नाही. पण जिद्दीने मी एसीच्या बुडाभोवती चारी बाजूंनी सिलिकॉनची जाड वेटोळी घातली. केकवर आयसिंग घालतात तशी. वर बोटाने गुळगुळीत केली. खाली उतरून बायकोला म्हणालो, “आता वरून समुद्र ओतला तरी आत थेंब येणार नाही.”

हे वाक्य खरं होतं. वरून खरंच आत काही येणार नव्हतं. पण एसीचं स्वतःचं पाणी बाहेर जायची वाट मी नुकतीच लिंपून टाकली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

घरातल्या एसीचं पाणी नळीने बाहेर सोडतात. मुंबईत ते खालच्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं आणि दोन कुटुंबांचे संबंध तुटतात. कॅम्परच्या एसीला बहुतेक वेळा नळीच नसते. हवेतला दमटपणा गार जाळीवर पाणी होऊन जमतो, जाळीखालच्या ताटलीत ठिबकतो, ताटलीच्या भोकांतून एसीच्या बुडाखाली उतरतो आणि तिथून सरळ छपरावर वाहत जाऊन पागोळ्यांसारखा कडेने खाली पडतो. गॅल्व्हेस्टनसारख्या दमट हवेत तासाला लिटरभर पाणी सहज निघतं. ते बुडाखालून छपरावर यायचं आणि मी तर बुडाभोवती धरण बांधलं होतं. धरण भरल्यावर पाणी कुठे जाणार? मधोमध चौदा इंचाचं भोक आहेच.

जुलैच्या सहलीत पातेलं पुरलं नाही. कुकर लावावा लागला.

इथे आमचे एक मित्र कथेत येतात. तेही रिफायनरीतलेच. मराठी मंडळात त्यांना सगळे टॉर्क म्हणतात, कारण जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांचा एकच उपाय असतो: “अजून जरा आवळ.” त्यांनी कॅम्परमध्ये येऊन छताचं प्लास्टिकचं झाकण काढलं, चारही बोल्टांवर पाना लावला आणि दर फेऱ्याला “बघ, बघ, घेतोय,” असं म्हणत आवळत गेले. आम्ही दोघांनी आयुष्यभर मनगटाएवढ्या जाडीचे बोल्ट आवळलेले. हे बोल्ट करंगळीएवढे. नंतर पुस्तिका उघडली तेव्हा कळलं की यांना फक्त चाळीस ते पन्नास इंच-पौंड ताण द्यायचा असतो, म्हणजे लोणच्याच्या बरणीचं झाकण लावताना देतो तेवढा. फूट-पौंड नव्हे, इंच-पौंड. जाड गॅस्केट दाबून अर्ध्या इंचावर आलं की थांबायचं. आमचं गॅस्केट तोवर पापड झालं होतं.

मग नवं गॅस्केट. त्यासाठी शंभर पौंडांचं धूड उचलायचं. मी वर, टॉर्क वर, दोघं गुडघ्यांवर, मध्ये एसी. शेजारचा अमेरिकन म्हातारा आपली खुर्ची सरकवून सावलीत बसला आणि मोफतचा खेळ बघू लागला. सिलिकॉनची वेटोळी चाकूने कापता कापता टॉर्क म्हणाले, “हे कुणी भरलंय रे गाढवासारखं?”

“आधीच्या मालकाने,” मी म्हणालो.

माणूस इतका चटकन खोटं कसं बोलतो याचं मला आजही आश्चर्य वाटतं. शिवाय रबरी छपरावर सिलिकॉन घालूच नये, तिथे त्या छपरासाठीचं, आपोआप पसरणारं वेगळं सीलंट मिळतं, आणि सिलिकॉन एकदा बसलं की त्याच्या डागावर पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही, हे ज्ञान टॉर्कनी मला आधीच्या मालकाचा उद्धार करत करत दिलं. मी मान डोलावली.

गॅस्केट नवं बसलं. नेमून दिलेल्या ताणाने बसलं. ऑगस्टच्या सहलीत पुन्हा गळलं. कुकरवरून पातेल्यावर आलं एवढीच प्रगती.

“तुम्ही नक्की इंजिनियर आहात ना?” बायकोने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. चौकशी होती.

तेव्हा मी शरण गेलो आणि घरी येऊन काम करणाऱ्या एका मेकॅनिकला बोलावलं. पोरगा पंचविशीचा होता. त्याने शिडी लावण्याआधी एकच प्रश्न विचारला: “पाऊस पडतो तेव्हा गळतं, की एसी चालतो तेव्हा?”

मी गप्प. दोन महिने, दीड ट्यूब, एक गॅस्केट, चार गुडघे, आणि हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. पावसाचं गळत असेल तर दोष गॅस्केटचा किंवा छपराच्या दुसऱ्या एखाद्या सांध्याचा. कोरड्या दिवशी एसी चालू असताना गळत असेल तर ते पाणी एसीने स्वतःच काढलेलं, आणि गॅस्केटचा त्यात काही गुन्हा नाही. खात्री करायची तर एसी बंद ठेवून छपरावर होसपाइप सोडायचा आणि आत बघत बसायचं. त्याने ते केलं. आत थेंब आला नाही. जिला मी पापड करून मारली ती पहिली गॅस्केटची चौकट पूर्ण निर्दोष होती.

मग त्याने एसी चालू केला आणि आम्ही दोघं छताकडे बघत उभे राहिलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. काही नाही. तापाने फणफणलेलं पोर दवाखान्याच्या पायरीवर खडखडीत बरं होतं, तसं.

“तुम्ही कॅम्पर सपाट उभा करता ना?” त्याने विचारलं. “या एसीला सपाट जागा लागते. ताटली कलली की पाणी भोकांकडे न जाता काठावरून आत सांडतं.”

मी हसलो. सपाट! मला विचारतो सपाट! कॅम्परच्या बाजूला हिरव्या पाण्याची, बुडबुड्याची लेव्हल चिकटवलेली होती. दर सहलीत मी पुढचा जॅक फिरवून तो बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आणायचो, आणि आल्यावर बायकोला दाखवायचो. “केसाचा फरक नाही,” मी पोराला म्हणालो.

त्याने खांदे उडवले आणि वर जाऊन एसीचं वरचं प्लास्टिकचं टोपडं काढलं. मला हाक मारली. ताटलीच्या एका भोकात चिखलाची सुबक नळी बसवलेली होती. कुंभारीण! आपल्याकडे खिडकीच्या चौकटीत, जुन्या रेडिओच्या पाठीमागे चिखलाचं घर करते, तिचीच टेक्सासमधली चुलतबहीण. इथे कॅम्परवाल्यांशी तिचं जुनं वैर आहे. भोक दिसलं की बाई चिखल घेऊन हजर. माझ्या सिलिकॉनपेक्षा तिचं काम कितीतरी चांगलं होतं. गोल, घट्ट, आतून गुळगुळीत. पोराने तार घालून ते फोडलं, जाळीवरचा कचरा काढला, आतलं हवेचं फिल्टर धुवायला सांगितलं. फिल्टर तुंबलं की जाळीवर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर तो सगळा एकदम वितळून खाली येतो, असंही सांगितलं. मग बिल दिलं. बिलाची रक्कम मी बायकोलाही सांगितलेली नाही, तर तुम्हाला कुठे सांगू.

या दिवसांत मी रात्री जागून एसीचा इतिहास वाचला. माणूस हरला की इतिहासाकडे वळतो. 1902 साली विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनियरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी पहिलं आधुनिक वातानुकूलन यंत्र आखलं. तिथली तक्रार उकाड्याची नव्हती. दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा, आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसायचे नाहीत. त्याला हवेतलं पाणी काढून टाकायचं होतं. म्हणजे हे यंत्र जन्माला आलं तेच पाणी गाळण्यासाठी, आणि कागदाच्या सोयीसाठी. गारवा मागाहून माणसाच्या पदरात पडला. हे मी दुसऱ्या दिवशी बायकोला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, “मग तो आपलं काम चोख करतोय. तुमचं काय?”

सप्टेंबरात पुन्हा गॅल्व्हेस्टन. बुडबुडा मधोमध. एसी चालू. वारा खारट, हवा ओल्या पंच्यासारखी. आम्ही टेबलाशी बसलो, बायकोने रव्याच्या लाडवांचा डबा उघडला. आणि मुलीने आपला लाडू टेबलावर ठेवला.

आता इथे एक गोष्ट कबूल करतो. आमच्या कॅम्परमध्ये लाडू घरंगळतात. पहिल्या सहलीपासून घरंगळतात. टेबलावर ठेवला की लाडू जरा विचार करतो, मग पलंगाच्या दिशेने निघतो. मुलीला वाटायचं टेबलच गुळगुळीत आहे. बायकोला वाटायचं आपले लाडू जास्तच गोल वळले जातात, आणि याचा तिला थोडा अभिमानही होता. मी दर वेळी तो काठाशी झेलायचो आणि खायचो. पहिल्या सहलीपासूनचा हा पुरावा मी सगळा खाऊन टाकला होता.

त्या संध्याकाळी लाडू निघाला, मुलीने हात आडवा घातला, आणि त्याच क्षणी वरून टेबलावर थेंब पडला. टप्. बायकोने लाडवाकडे पाहिलं. थेंबाकडे पाहिलं. लाडू उचलून पुन्हा टेबलाच्या मधोमध ठेवला. लाडू पुन्हा पलंगाकडे निघाला.

“अहो,” ती म्हणाली, “कॅम्पर पुढे कललाय.”

“शक्य नाही. लेव्हल...”

“लेव्हल गेली खड्ड्यात. लाडू बघा.”

मी टॉर्च घेऊन बाहेर गेलो. ती हिरवी लेव्हल मी पहिल्यांदाच नीट, जवळून पाहिली. ती कॅम्परला स्क्रूने बसवलेली नव्हती. आधीच्या मालकाने तिच्या पाठीचा कागद सोलून ती हाताने चिकटवली होती, आणि चिकटवताना एक टोक बोटभर वर गेलं होतं. तिच्या शेजारूनच कॅम्परवर रंगाचा एक लांब सरळ पट्टा जातो. पट्टा आणि लेव्हल यांच्यात ठळक फट दिसत होती. लहान पोरालाही दिसली असती. मला दिसली नाही, कारण मी आजवर फक्त बुडबुडा बघत होतो. तीस वर्षांच्या नोकरीत मोजमापाच्या प्रत्येक यंत्राचा कॅलिब्रेशनचा कागद मागितल्याशिवाय मी सही केली नाही, आणि इथे कुणा अनोळखी माणसाने डोळ्यांच्या अंदाजाने डकवलेल्या तीन इंची प्लास्टिकवर विश्वास ठेवून मी दर सहलीत घराचं नाक निष्ठेने खाली करत होतो. तो बिचारा आधीचा मालक. सिलिकॉनबद्दल त्याला उगाच शिव्या खाव्या लागल्या होत्या. आता निदान एक तरी गुन्हा त्याचा स्वतःचा निघाला.

आणि मेकॅनिकसमोर का गळलं नाही तेही उलगडलं. घरच्या ड्राइव्हवेत मी कॅम्परचं नाक जॅकने मुद्दाम चढं ठेवतो. पावसाचं पाणी छपरावर साचू नये, मागे वाहून जावं म्हणून. पाणी साचू नये यासाठी छपराला उतार हवा, हे मला तिथे बरोबर सुचलं होतं.

मी जॅकची कडी धरली. आत बायको टेबलाशी लाडवावर नजर ठेवून बसली. अंधारात आमचा संवाद असा चालला होता:

“वर घ्या. अजून. अजून... निघालाय अजून. अजून वर. थांबा. आता मागे यायला लागला. खाली, खाली, अर्धा फेरा. थांबा!”

“थांबला?”

“थांबला.”

शेजारच्या जागेवरचं जोडपं शेकोटीपाशी बसून हे ऐकत होतं. मराठी कळत नसल्यामुळे आत कुणाची तरी प्रसूती चालली आहे असा त्यांचा समज झाला असावा, कारण मी आत जायला लागल्यावर तो गृहस्थ हात उंचावून “काँग्रॅच्युलेशन्स!” म्हणाला. मी त्याचे आभार मानले.

त्या रात्री मी टेबलाच्या पलंगावर झोपलो. सवयीने दोनदा जाग आली. पातेलं छातीवर होतं, कोरडं. बाहेर मात्र एसीच्या पागोळ्या कडेवरून वाळूत पडत होत्या, ठिप्, ठिप्, एका लयीत, जिथे पडायला हव्यात तिथे. कोकणातलं घर झोपल्यावर असंच ऐकू यायचं. वडील त्या आवाजावर झोपायचे.

टॉर्कना मी सगळं सांगितलं, सिलिकॉन सोडून. ते म्हणाले, “तरी ते बोल्ट जरा अजून आवळून ठेव.”

आता आमचा ठरलेला क्रम आहे. कॅम्पर लावला की आधी टेबलाच्या मधोमध लाडू. मग मी बाहेर जॅकपाशी. लाडू पुढे-मागे हलेनासा झाला की बाजूचा कल बघायचा. त्यासाठी चाकांखाली प्लास्टिकच्या चकत्या घालाव्या लागतात, म्हणजे आणखी एक लाडू. एसी चालू करायचा तो त्यानंतरच. वर्षातून दोनदा टोपडं काढून कुंभारीण पुन्हा राहायला आली का ते पाहतो. हिरवी लेव्हल मी खरवडून काढली. तिच्या जागी पांढरा डाग राहिलाय.

जुना कॅम्पर घेणार असाल तर एवढंच सांगतो: लाडू रव्याचेच न्या. बेसनाचे चालत नाहीत. उन्हाळ्यात तूप सुटून ते बसतात, आणि बसलेला लाडू कुठल्याही उतारावर सपाटच दाखवतो.